पोटाची वही

५ ऑगस्ट १९८५, सोमवार

चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मास्तर, रोज काय खाल्लं आणि पोटाचं काय झालं ते लिहीत जा. तीन-चार महिन्यांनी वही घेऊन या." मी म्हटलं, मी मास्तर नाही, वसतिगृहाचा अधीक्षक आहे. ते म्हणाले, "पोटाला काय फरक पडतो?" म्हणून ही वही.

सकाळी अर्धा कप चहा, मुरमुरे. दुपारी मऊ भात, बिनफोडणीचं वरण. चार वाजता छातीत जळजळ, आंबट ढेकर. रात्री दूध-भात. झोप बरी नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काळजी कसली आहे? मुलचेऱ्याहून बारा किलोमीटर आत ही आश्रमशाळा. मुलींच्या वसतिगृहाला बाईमाणूस अधीक्षिका हवी, ती जागा भरलेली नाही. म्हणून दोन वर्षांपासून चार्ज माझ्याकडे. अडुसष्ट मुली, पहिली ते सातवी. मला स्वतःचं मूल नाही, आणि इथे अडुसष्ट. बायको आरमोरीला. हीच काळजी समजा.

माझं जेवण मी माझ्या खोलीत स्टोव्हवर करतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातलं घेत नाही. स्वयंपाकीण गिरजाबाई बौद्ध आहे, म्हणून अधीक्षक तिच्या हातचं खात नाहीत, अशी मुख्याध्यापक गुणवंतरावांची समजूत आहे आणि त्या समजुतीवर ते खूश आहेत. तसं काही नाही. मी असलं मानत नाही. पित्त आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुपारी जळजळ. आज चहा घेतलाच नाही, तरी.

सातवीतली कमळा मडावी सकाळपासून आडवी आहे. पोट कातरतंय, ओकारी येते, चार वेळा लोटा घेऊन गेली. ओठ पांढरे पडलेत. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. माझ्या खोलीतली जुनी वर्तमानपत्रं घेऊन जाते आणि घडी न मोडता परत आणते. विचारलं, काय खाल्लंस? खाली मान घालून म्हणाली, "पोट बिघडलं, सर." पुढे काही नाही. रविवारी बाजारातून वांगी आली होती. वांग्यांवर माझा संशय आहे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पोट ठीक. दोन दिवस दूध बंद.

आठवड्यात आणखी तिघी आजारी. सहावीतली बायना, सातवीतल्या दोघी. तक्रार तीच, उत्तर तेच. "पोट बिघडलं, सर." एका सुरात, पाढे म्हटल्यासारखं. लहान मुलींना मात्र काही नाही. लहानांची पोटं लवकर बिघडायला हवीत. मोठ्या जास्त जेवतात, हे कारण असावं.

परवा स्वयंपाकघराची तपासणी केली. भांडी स्वच्छ, चुलीची जागा सारवलेली. फक्त मागच्या कोठीत धान्याच्या पोत्यांआड एक दोरी, तिच्यावर फडक्यांची रांग वाळत होती, धुरानं काळवंडलेली. गिरजाबाईंना म्हटलं, ताटं पुसायची फडकी अशी अंधारात का? चांगली समोरच्या तारेवर, फाटकाजवळ उन्हात वाळवा. रोगजंतू मरतात. तिथे बसलेल्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. गिरजाबाई नुसत्या "हो जी" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर ना फडकी, ना दोरी. सांगितलेलं ऐकतात, एवढं खरं.

९ सप्टेंबर, सोमवार

कमळा पुन्हा आजारी. पुन्हा सोमवार. रविवारच्या बाजारात काहीतरी आहे. मागच्या खेपेस वांगी होती, या वेळी कोहळं. म्हणजे वांगी निर्दोष.

लटारूला, आमच्या कामाठ्याला, बरोबर घेऊन विहिरीत औषध टाकलं. बादलीत कालवून मी स्वतः ओतलं. लटारू पन्नाशीचा आहे, दोन मुलींचा बाप. म्हणाला, "सर, पाणी तं चांगलं हाये. लहान पोरी बी थेच पितात." मी म्हटलं, तुला काय कळतं. तो हसला नाही, पण हसण्याच्या बेतात होता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या पोळा. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातले बिस्वास डॉक्टर सायकल चिखलातून ओढत आले. गोळ्या दिल्या. मोठ्या मुलींना एकेक करून पोट दाबून पाहिलं, मग मला बाजूला घेऊन अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाले, "सर, ये मेरा काम नहीं. कोई लेडी डॉक्टर को दिखाव. या इनके माँ को पूछो." आणि हसले. स्वतःला जमलं नाही की दुसऱ्याकडे बोट. फी न घेता गेले, तेवढंच.

माझं पोट: गच्च.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती. झाडलोट, भाषण. गुणवंतरावांचं भाषण पाऊण तास.

दुपारी कमळाचे वडील देवाजी मडावी आले. चौदा किलोमीटर चालत. जोहार केला, पायरीवर बसले, पानाचा द्रोण पुढे केला. त्यात सीताफळं. कमळा झाडलोटीत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, पोरगी बिमार रायते म्हने."

"पोट बिघडतं तिचं," मी म्हटलं. "बाजारच्या भाजीनं."

"दुसरं काई नाई ना?"

"दुसरं काय असणार?"

"नाई, मोठी झाली असन तं मनलं. तिच्या आत्याचा पोरगा थांबून हाये. आमच्यात आत्याच्या घरीच देतात. मोठी झाली का घेऊन जातो."

मी हसून म्हटलं, "अहो, केवढीशी आहे ती! तसलं काही नाही. पोट बिघडतं, एवढंच. सातवी पास होऊ द्या. चांद्याला आठवीत घालू."

त्यांनी मान हलवली आणि निघाले. कमळा धावत फाटकापर्यंत गेली, त्यांच्याशी बोलली, मग परत येताना माझ्याकडे असं पाहिलं की मला उगीच बरं वाटलं. मी काय केलं होतं? जे होतं ते सांगितलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं.

कमळा आजारी, सोमवारच. तिला दालनात बघायला गेलो तर अंथरुण रिकामं. शोधत कोठीत गेलो. कमळा पोत्यावर मुटकुळं करून पडलेली, पोटावर फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. आणि गिरजाबाई तिला पितळी वाटीतून काळाकुट्ट काढा पाजत होत्या. मी दिसल्यावर त्यांनी वाटी पदराखाली घेतली.

"काय आहे ते?"

"काई नाई जी. ओवा-सुंठ, गूळ."

"आणि झाडपाला काय काय?"

"झाडपाला नाई जी."

मग लपवता कशाला? मी विचारलं तर दोघीही गप्प. बायनालाही दिला होता का? गप्प. बाकीच्यांना? गप्प. म्हणजे दिला. जी जी मुलगी आजारी पडली, ती ती काढा प्यायलेली आहे. दोन महिने वांगी आणि विहिरी धुंडाळतोय, आणि कारण वाटीत होतं. मी ताकीद दिली की आजपासून काढा बंद. कमळा रडायला लागली. गोड काढ्याची सवय लागली असणार.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गिरजाबाई दोन दिवस रजेवर. दरवर्षी या दिवशी दीक्षाभूमीला, नागपूरच्या नव्हे, चांद्याच्या, जातात, पांढरं लुगडं नेसून. रजा दिली. आडकाठी करणारा मी नव्हे.

आज बायना आजारी. गिरजाबाई नाहीत तरी. आदल्या दिवशीचा काढा उरला असेल.

पोट: रात्री ओकारी झाली. माझी.

४ नोव्हेंबर, सोमवार

ताकीद देऊनही. कमळा कोठीत, वीट, वाटी, सगळं तसंच. या वेळी गिरजाबाईंनी वाटी लपवलीही नाही. मुलीनं शेवटचा घोट घेईपर्यंत वाटी धरून बसल्या आणि मग उभ्या राहिल्या.

मला राग आला. एवढा राग मला कधी येत नाही, पित्तानं आला असेल. गुणवंतरावांकडे गेलो. ते म्हणाले, "मी तर पहिल्यापासूनच म्हणत होतो. त्यांच्या हातचं..." मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, जातीचा प्रश्न नाही, काढ्याचा आहे. ते म्हणाले, "तेच ते. लिहा." मी लिहिलं. 'स्वयंपाकीण मुलींना कसलासा काढा पाजते. तो प्यायलेल्या मुलींनाच पोटदुखी, उलट्या व हगवण होते, असे निरीक्षणास आले आहे.' निरीक्षण माझं. तीन महिन्यांचं. खाली आजारी पडलेल्या सोळा जणींची नावं. अक्षर चांगलं आलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वरून निरोप आला, चौकशी होईपर्यंत तिला कामावर घेऊ नये. गिरजाबाईंना सांगितलं. वाटलं होतं, भांडतील. त्यांनी कोठीच्या किल्ल्या आणून दिल्या आणि म्हणाल्या, "ओव्याचा डबा फडताळात मागं हाये." डब्याचं मला काय करायचं? मोठ्या मुली खिडकीत उभ्या होत्या. एकही रडली नाही.

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. दमलो आहे. नुसतं झोपावंसं वाटतं.

१७ नोव्हेंबर, रविवार. आरमोरी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आई फाल्गुनात गेली, त्यानंतरची ही पहिली दिवाळी. घर चालतंय, पण आवाज नाही. सकाळी नीलाबाई, माझी बायको, चुलीशी पोळ्या करता करता उठून मागे गेली. परत आली, बसली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा परतली तेव्हा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. कपाळावर घाम. तव्यावरची पोळी जळत होती, ती मी उतरवली.

मी म्हटलं, "काल बाजारातली भजी खाल्लीस ना?"

"अवो, भजी कायची," ती म्हणाली. "माझे दिवस हायेत."

"ते असू दे. पण हगवण?"

"थे बी त्याच्यासंगंच येते. पयल्या दिशी पोट कातरते, मळमळते, तीन-चारदा जावं लागते. दरमहिन्याले. सगळ्याइले होत नाई, मले होते. माझ्या बहिणीले बी होते."

"दर महिन्याला?"

"तं काय वर्षाले?"

"बारा वर्षं झाली लग्नाला. मला कधी सांगितलं नाहीस."

तिनं डोळे मिटलेले होते, ते उघडले. "तुमी कधी पडवीत आले?"

ते खरं आहे. आई असेपर्यंत ते चार दिवस नीलाबाई मागच्या पडवीत बसायची. ताट आई वाढायची. मी सुट्टीत आलो आणि ते दिवस असले तर मी पडवीकडे फिरकत नसे. फिरकायचं नसतं, एवढंच लहानपणापासून ठाऊक. तिथे ती बसते, एवढंच मला माहीत. कशी बसते ते माहीत नव्हतं.

विचारलं, "मग तू काय करायचीस?"

"तुमची आई ओव्याचा काढा देत होती, गूळ टाकून. अन् गरम वीट. हात लागू देत नसे, दुरून सरकवे. पण देत होती."

मी उठून अंगणात गेलो.

१८ नोव्हेंबर, सोमवार. आरमोरी

वही उघडून तारखा उतरवल्या. कमळा: १२ ऑगस्ट, ९ सप्टेंबर, ७ ऑक्टोबर, ४ नोव्हेंबर. दर खेपेस अठ्ठावीस दिवस. अठ्ठावीस दिवसांनी वार तोच येतो, हे पाचवीतलं पोरही सांगेल. मी सोमवारला धरून बसलो होतो.

लहान मुली आजारी पडत नव्हत्या. पडणारच नव्हत्या.

आणि ती फडकी. मी ती फाटकाजवळच्या तारेवर वाळवायला सांगितली होती. गावचा रस्ता तिथून जातो. गुणवंतरावांची खुर्ची तिथून दिसते. हे आठवलं आणि मी एकटा असूनही तोंड लपवलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

लिहिताना सगळं लिहिलं होतं. बघितलं काहीच नव्हतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

परत आलो. येताना बसमध्ये ठरवलं की दुसरा अहवाल लिहायचा. आज कागद घेऊन बसलो. 'पूर्वीचा अहवाल चुकीच्या समजुतीने...' इथे थांबलो. पुढे समजूत कुठली ते लिहावं लागेल. नावं आधीच गेली आहेत, सोळा जणींची, माझ्या चांगल्या अक्षरात. देवाजी काय म्हणाले होते तेही आठवलं. कागद फाडला.

पोट: वाईट.

३ डिसेंबर, मंगळवार

कमळा आजारी. स्वयंपाक सध्या लटारू करतो आहे, भात कच्चा. कोठीला कुलूप. किल्ली माझ्याजवळ. ती दालनात सगळ्यांसमोर पालथी पडून होती, तोंडात ओढणीचा बोळा. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. काय म्हणणार होतो? चाळीस ओलांडलेला पुरुष, चौदा वर्षांच्या मुलीला. तिनं माझ्याकडे पाहून तेवढंच म्हटलं, "पोट बिघडलं, सर."

मी कोठीची किल्ली बायनाच्या हातात दिली आणि म्हटलं, "जाळ करा, वीट आहे तिथे." ती किल्लीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पळाली.

८ डिसेंबर, रविवार

गिरजाबाईंकडे गेलो. गावाबाहेर एका खळ्यावर धान मळणीच्या कामाला होत्या, अंगभर भूस. मला बघून डोक्यावरचा पदर झटकला. मी म्हटलं, "मला कळलं, गिरजाबाई."

"आता कळलं?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. बसायला पोतं टाकलं.

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या आधी जे होते, त्यांनी नियम काढला होता. मुलगी बाजूला बसली की चार दिवस घरी पाठवायची.

"पोरगी घरी गेली का मायबापाले कळे, मोठी झाली. भागीरथा तशीच गेली. आली काय परत? थ्या सालीच लगन झालं. मंग पोरीयनंच आपसात ठरवलं. कोणी इचारलं तं सांगाचं, पोट बिघडलं. खोटं थोडीच हाये जी? पोट तं बिघडतेच. अर्धं सांगाचं, अर्धं गिळाचं."

भागीरथा. जुन्या हजेरीत हे नाव मी पाहिलं आहे, लाल शाईनं खोडलेलं. कारणाच्या रकान्यात 'पोटदुखी'.

"तुम्ही मला का नाही सांगितलं? तुमचं काम गेलं."

"पोरीइले वचन देल्तं. अन् सर, मले काम कुठीबी भेटते. हे बघा, भेटलं ना? त्याइले शाळा कुठी भेटन?"

मी म्हटलं, मी तुम्हाला परत घ्या म्हणून लिहितो. त्यांनी सूप खाली ठेवलं. "काऊन परत घ्या म्हणून लिहाल? काय कारन देसान?"

निघताना काढ्याची रीत विचारून घेतली. मूठभर ओवा, सुंठीचा तुकडा ठेचून, पाणी निम्मं आटवायचं, गूळ शेवटी. "गूळ पयले टाकसान तं करपन," असं दोनदा बजावलं. मला स्वयंपाक येतो हे त्यांना ठाऊक नसावं. कसं ठाऊक असणार, मी माझ्या खोलीतच खातो.

३१ डिसेंबर, मंगळवार

तारीख मला आता पाठ आहे. सकाळीच स्टोव्ह पेटवला. पहिला काढा करपला, गूळ आधी टाकला होता. दुसरा उकळत होता तेवढ्यात दारात सावली पडली. देवाजी.

"जोहार सर. पोरगी कुठी हाये?"

कोठीत होती. वीट पोटाला लावून. इथून वीस पावलांवर.

"झोपली आहे. बसा."

ते बसले नाहीत. स्टोव्हवरच्या भांड्यात वाकून पाहिलं, वास घेतला. ओव्याचा वास लपत नाही. त्यांच्याही घरात बायका आहेत. म्हणाले, "हा कोनासाठी?"

"माझ्यासाठी. पित्त आहे मला. चांद्याचं औषध चालू आहे."

"पोरगी पुन्हा बिमार हाये म्हने."

"पोट बिघडलंय."

"सर, खरं सांगा. मोठी झाली काय?"

ऑक्टोबरात हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मी हसलो होतो. आज हसू आलं नाही. या माणसाची मुलगी आहे, माझी नाही. तो चौदा किलोमीटर चालत आलाय, माझ्यावर विश्वास आहे म्हणून मला विचारतोय. मी खोटं बोललो तर त्याला फसवतो, खरं बोललो तर तिला. असा विचार करायला वेळ फारसा नव्हता. काढा उतू जात होता.

"नाही," मी म्हटलं. "पोट बिघडतं तिचं. दुसरं काही नाही."

त्यांनी पुन्हा एकदा भांड्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "तुमी म्हनता तं तसंच असन." पायरीवर द्रोण ठेवला. बोरं होती. "चांद्याची शाळा कवा सुरू होते?"

"जूनमध्ये."

"जून," ते म्हणाले, आणि गेले. मी फडकं न घेताच भांडं उतरवलं. बोट भाजलं.

९ जानेवारी १९८६, गुरुवार

चौकशीचे साहेब जीपनं आले. गुणवंतरावांनी खोली सारवून घेतली होती. मुलींना एकेक करून बोलावायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, आधी माझं निवेदन घ्या.

सांगितलं की काढा माझ्यासाठी होता. माझ्या पित्तावर मीच गिरजाबाईंना करायला सांगितला होता. मुलींनी उरलेला कधी चाखला असेल.

साहेबांनी अहवाल उलटला. "मग हे काय लिहिलंय तुम्ही?"

"चूक झाली. अंगावर येईल म्हणून ढकललं."

"आणि मुलींची हगवण?"

"विहिरीत औषध टाकायचं माझ्याकडून राहून गेलं."

लटारू चहाचा ट्रे घेऊन उभा होता. माझ्याबरोबर बादली त्यानंच धरली होती. त्यानं जमिनीकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवला, आवाज न करता.

गुणवंतराव मध्येच म्हणाले, "पण श्रीहरीपंत, तुम्ही तर तिच्या हातचं घेतच नाही."

"घेतो की," मी म्हटलं. "रोज."

त्यांचं तोंड जे झालं, ते बघण्यासाठी मी पुन्हा एकदा खोटं बोललो असतो. साहेबांनी सही घेतली. मुलींना बोलावण्याची गरज त्यांना वाटली नाही. जाताना म्हणाले, "परिणाम होईल याचा." मी म्हटलं, होऊ दे.

सर्व्हिस-बुकात आता लाल शाई येणार. सतरा वर्षांत पहिली. बरं वाटतंय असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर वाटत नाही. फक्त थकवा.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन कागद एकाच टपालात. गिरजाबाईंना कामावर परत घ्यावे. अधीक्षकांची बदली जिवती भागात, महिनाअखेर हजर व्हावे. निष्काळजीपणाबद्दल समज दिली आहे, वगैरे. तिकडे रस्ता नाही, पाणी नाही, आणि मुलग्यांचं वसतिगृह आहे. माझ्या जागी कोण येणार, ते लिहिलेलं नाही. बाई द्या म्हणून मी तीनदा अर्ज केलाय, आज चौथा टाकला. पुरुष आला तर? त्यानं जुना नियम काढला तर? कमळाला जूनपर्यंत तगायचं आहे, बायनाला आणखी एक वर्ष. मोठ्या मुलींपुढे हे बोलता येत नाही. निरोप मिळताच गिरजाबाई दुपारी कामावर आल्या, त्यांना बोललो. त्या म्हणाल्या, "मी हाये ना इथी." आणि ओव्याचा डबा फडताळातून पुढे काढून ठेवला.

ही वही चांद्याच्या डॉक्टरांना आता दाखवता येणार नाही. माझ्या पोटाचं तिच्यात फार थोडं आहे.

संध्याकाळी मुलींची पंगत बसली तेव्हा ताट घेऊन गेलो आणि शेवटी, लटारूच्या शेजारी बसलो. निवेदनात रोज म्हटलं आहे, एक दिवस तरी खरा व्हावा. गिरजाबाई भाताची परात घेऊन ओळीनं वाढत आल्या, माझ्यापाशी थांबल्या.

"काऊन जी सर, स्टोव्ह बिघडला काय?"

"हो," मी म्हटलं. "बिघडला."

त्यांनी भात वाढला, वर वरण घातलं, आणि पुढे सरकता सरकता म्हणाल्या, "मंग अडीच वर्षं आधीच बिघडाचा होता ना जी."

भात दोनदा घेतला. पोट ठीक.